घरच्या लॅपटॉपवर वर्कफ्लो सर्व्हर कंटेनरमध्ये चालवायचाय: कोणता घेऊ, आणि लाईट गेली की काय?

सुरंगी:
नमस्कार मंडळी. आमची देवगड तालुक्यात हापूसची कलमं आहेत आणि वाडीतल्या काही बागायतदारांनी मिळून आता सगळा माल दलालाकडे न देता थोड्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवायला सुरुवात केलीय. त्यातलं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आलंय. पहाटे हवामानाचा अंदाज ओढायचा, बागेतल्या सेन्सरचे तापमान-आर्द्रतेचे आकडे गोळा करायचे, अ‍ॅगमार्कनेटवरून बाजारभाव घ्यायचा (ही शेतमालाच्या भावांची सरकारी साइट), मग ऑर्डरच्या शीटवरून ठाणे वेगळं पुणे वेगळं अशी पेट्यांची यादी करायची आणि ती सकाळी पॅकिंगवाल्यांना पाठवायची. सगळं पायथनमध्ये लिहिलंय आणि सध्या क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळेला काम सुरू करणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर, चालतंय.

अडचण अशी की ही कामं एकमेकांवर अवलंबून आहेत आणि क्रॉनला त्याचं सोयरसुतक नाही. भाव आला नाही तरी यादी ठरल्या वेळेला निघते आणि त्यात कालचा भाव असतो. कुठलं काम पडलं, का पडलं, परत कुठून चालवायचं हे लॉगच्या फायली उघडून शोधत बसावं लागतं. म्हणून नीट वर्कफ्लो ऑर्केस्ट्रेशन सर्व्हर (कामांचा क्रम आणि चुकलं तर परत प्रयत्न सांभाळणारा) लावायचाय, घरातल्याच जुन्या लॅपटॉपवर, ८ जीबी रॅम, उबुंटू. डॉकर कंपोजमध्ये (प्रत्येक प्रोग्राम सामानासकट वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, आणि सगळ्या डब्यांची एकच फाईल) लावला तर उद्या मशीन बदललं तरी उचलून दुसरीकडे नेता येईल असं वाटतं. एअरफ्लो, प्रीफेक्ट, एन-एट-एन ही नावं वाचलीत. क्लाउड नकोय, दर महिन्याचं बिल डॉलरमध्ये येतं आणि सीझन चार महिन्यांचा.

तर कोणता घ्यावा? आणि लाईट गेली, मशीन मध्येच बंद पडलं, तर आतल्या कामांचं काय होतं?

तिरफळ:
मिरगाचो पाऊस लागलो काय लाईट गेलीच म्हणान समजा 😀 लॅपटॉपाक बॅटरी आसा, राउटराक नाय, ह्या कोणाच्या लक्षात येणा नाय. बारा व्होल्टचो बारको यूपीएस गावता राउटरासाठी, तो आधी घे. मगे सर्व्हर.

जुना_टर्मिनल:
मी दापोलीत असतो, निवृत्त आहे, लिनक्सवर बरीच वर्षं काढली. ताई, चार-पाच कामांसाठी सर्व्हर, डेटाबेस, वर्कर (प्रत्यक्ष काम चालवणारा भाग), वेबपान एवढा संसार कशाला? लिनक्समध्येच असलेले सिस्टीमडीचे टायमर वापरा. त्यात पर्सिस्टंट इक्वल टू ट्रू अशी एक ओळ टाकली की मशीन बंद असताना चुकलेलं काम मशीन चालू झाल्यावर लगेच होतं, साधं क्रॉन हे करत नाही, चुकलं ते चुकलं. आणि एका कामानंतर दुसरं हवं असेल तर युनिटमध्ये आफ्टर आणि रिक्वायर्स लिहिता येतं. कंटेनर नको, काही नको. मेंटेनन्स शून्य.

घाटमाथा:
मूळ चिपळूणचा, सध्या पुण्यात डेटा इंजिनिअर. वरच्या काकांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, नुसतं वेळेवर चालवायचं असेल तर टायमर उत्तम. पण सुरंगीताईंचं दुखणं वेळेचं नाहीये. तीनदा प्रयत्न कर, दर वेळी दहा मिनिटं थांब, तरी भाव आला नाही तर पुढची यादी 'भाव नाही' असं लिहून पाठव आणि मला कळव, हे सगळं टायमरमध्ये शेल स्क्रिप्ट लिहून बसवता येतं, पण मग तुम्ही स्वतःच एक छोटा ऑर्केस्ट्रेटर लिहिलेला असतो आणि तो दुसऱ्या कुणाला कळत नाही.

एअरफ्लोबद्दल. हा २०१४ साली एअरबीएनबीमध्ये सुरू झाला, २०१६ मध्ये अपाचेकडे आला, २०१९ पासून त्यांचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प आहे. जगभर चालतो, मी रोज त्याच्यावर पोट भरतो. पण त्यांची अधिकृत कंपोज फाईल उघडून बघा: पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (कामांची रांग), शेड्युलर, वर्कर, ट्रिगरर, वेबचा भाग, सगळं वेगवेगळ्या कंटेनरमध्ये. त्यांच्याच कागदपत्रांत डॉकरला कमीत कमी ४ जीबी मेमरी द्या, जमल्यास ८ द्या असं लिहिलंय. तुमच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर तो बसेल पण मग ब्राउझर उघडायला जागा उरणार नाही. सेलरी (वर्करांना कामं वाटणारा भाग) आणि रेडिस काढून लोकल एक्झिक्युटरवर, म्हणजे वेगळे वर्कर न ठेवता, चालवला तर बराच हलका होतो, तरी पाच कामांना तो मोठाच.

प्रीफेक्ट घ्या असं माझं मत. सर्व्हर म्हणजे एकच प्रोसेस, पोर्ट ४२००, काही न सांगता सोडला तर एसक्यूलाइट या एका फायलीतल्या डेटाबेसमध्ये लिहितो. तुमचं पायथन आहे तसं ठेवून फंक्शनवर फ्लो आणि टास्कचा डेकोरेटर (फंक्शनच्या वरची एक ओळ) लावायचा, रिट्राय किती आणि मध्ये किती थांबायचं ते तिथेच लिहायचं.

पागोळी:
एक मिनिट, मी प्रीफेक्टचं एक ट्युटोरियल बघितलं त्यात कंटेनरच कंटेनर होते. हसुरा, ग्राफक्यूएल, अपोलो, टॉवेल 🙄 आणि सर्व्हर चालू करायच्या आधी बॅकएंड सर्व्हर अशी कमांड होती. ते एअरफ्लोपेक्षा जड वाटलं मला.

घाटमाथा:
ते पहिल्या आवृत्तीचं. तेव्हा लोकल सर्व्हर चालवायला डॉकर कंपोज लागायचंच आणि एवढा सगळा गोतावळा उभा राहायचा. २०२२ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा ते सगळं जाऊन एक प्रोसेस झाली, २०२४ पासून तिसरी आहे. इंटरनेटवर अजून जुने लेख वर येतात म्हणून लोक घाबरतात. लेखात बॅकएंड ही कमांड दिसली की तो लेख बंद करायचा.

कोकम_सोडा:
टॉवेल नावाचा कंटेनर 😂 आमच्याकडे पावसात तोच एक वाळत नाही

वायंगण:
कुडाळवरून. मी रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर प्रीफेक्ट चालवतो, ४ जीबीवाला. नर्सरीच्या पाण्याचा पंप आणि सेन्सर. आरामात चालतं, एसक्यूलाइटवरच आहे, पोस्टग्रेसची गरज पडली नाही. फक्त पाय घेणार असाल तर एसडी कार्डावर डेटाबेस ठेवू नका, यूएसबीला एसएसडी लावा, लाईट जा-ये करते तिथे स्वस्तातली कार्डं टिकत नाहीत. पायचा फायदा हा की लाईट आली की आपोआप चालू होतो, बटण दाबायला कोणी लागत नाही. आणि इमेज (ज्यावरून कंटेनर तयार होतो तो साचा) घेताना एआरएमची, म्हणजे पायच्या प्रोसेसरची, आहे ना बघा, इंटेलवर बांधलेली स्वतःची इमेज पायवर नेली तर एक्झेक फॉरमॅट एरर येतो.

घाटमाथा:
लाईटचा प्रश्न असेल तर मी तरी पोस्टग्रेस म्हणेन. त्याचा राइट अहेड लॉग असतो, मध्येच बंद पडला तर चालू होताना लॉग वाचून स्वतःला सावरतो.

जुना_टर्मिनल:
घाटमाथा, एसक्यूलाइटवर अन्याय करू नका. तोही व्यवहार अर्धवट सोडत नाही, वीज गेल्यावर जर्नलवरून पूर्वपदावर येतो, त्यासाठीच तो नावाजलेला आहे. पोस्टग्रेस घ्यायचं कारण वेगळं: एकाच वेळी अनेक जण लिहायला लागले की एसक्यूलाइटमध्ये डेटाबेस इज लॉक्ड सुरू होतं, कारण लिहिणारा एका वेळी एकच. सर्व्हर, दोन वर्कर आणि सेन्सरची दर पाच मिनिटांची कामं असतील तर ते दिसू लागेल. वीज हे कारण नाही, गर्दी हे कारण आहे.

घाटमाथा:
मान्य. कारण तुमचं बरोबर आहे, निष्कर्ष तोच राहतो 🙂

सुरंगी:
खूप आभार सगळ्यांचे. प्रीफेक्ट आणि पोस्टग्रेस असं ठरवलं, कंपोजमध्ये तीन सेवा केल्या: डेटाबेस, सर्व्हर, वर्कर. सर्व्हर उघडतोय, ब्राउझरमध्ये पान दिसतंय. पण वर्कर सारखा कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणतोय. एपीआयचा (वर्कर सर्व्हरशी ज्या वाटेने बोलतो त्याचा) पत्ता १२७.०.०.१, म्हणजे लोकलहोस्ट, पोर्ट ४२०० असाच दिलाय आणि लॅपटॉपवरून तोच पत्ता व्यवस्थित चालतो. मग वर्करला काय होतंय?

भरती_ओहोटी:
ह्यात सगळेच अडकतात. कंटेनर म्हणजे वाडीतलं वेगळं घर समजा, लोकलहोस्ट म्हणजे 'आपल्याच घरात'. वर्कर स्वतःच्या घरात सर्व्हर शोधतोय, तिथे तो नाहीच. कंपोजमध्ये सेवेला जे नाव दिलंय तेच पत्त्यात लिहायचं. सेवेचं नाव सर्व्हर असेल तर एचटीटीपी, मग सर्व्हर, मग ४२००, आणि शेवटी स्लॅश एपीआय, ते स्लॅश एपीआय विसरू नका. डेटाबेसच्या ओळीतही तेच, लोकलहोस्ट काढून डेटाबेस सेवेचं नाव, पोर्ट ५४३२, आणि सुरुवातीला पोस्टग्रेसक्यूएल प्लस एसिंकपीजी असं हवं, नुसतं पोस्टग्रेसक्यूएल नाही.

वायंगण:
आणि सेन्सरचा एमक्यूटीटी ब्रोकर (सेन्सरचे निरोप घेऊन पुढे देणारा प्रोग्राम) लॅपटॉपवरच, कंटेनरच्या बाहेर चालत असेल तर वर्करमधून त्याला गाठायला होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल. विंडोज-मॅकवर डॉकर डेस्कटॉपमध्ये ते आपोआप मिळतं, लिनक्सवर कंपोजमध्ये एक्स्ट्रा होस्ट्सखाली होस्ट-गेटवे अशी ओळ लिहावी लागते.

सुरंगी:
चाललं!! दोन्ही चाललं. ब्रोकरचं मी विचारणारच होते.

पागोळी:
मी पण लावून बघतोय, अलिबागला. इमेजच उतरत नाहीये, टू मेनी रिक्वेस्ट्स येतंय. मी तर आज एकही इमेज घेतली नव्हती.

घाटमाथा:
मोबाईलच्या नेटवर आहात का? मोबाईल कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना बाहेर एकाच आयपीवरून दाखवतात, आणि डॉकर हबची (जिथून इमेज उतरतात ती साइट) लॉगिन नसलेल्यांसाठीची मर्यादा आयपीमागे सहा तासांना १०० आहे. म्हणजे तुमच्या वाटणीचं दुसऱ्या कोणीतरी वापरलं. फुकटचं खातं काढून डॉकर लॉगिन करा, मग मोजणी तुमच्या नावावर होते.

तिरफळ:
गणपतीत तर करूच नका. सगळे चाकरमानी गावाक, सगळे व्हिडिओ कॉलवर, टॉवराची दमछाक. मी पुण्याच्या भाच्याकडून डॉकर सेव्हने टार फाईल करून पेनड्राइव्हवर मागवलंय, हय येऊन डॉकर लोड केलंय. नेट लागलाच नाय.

खाडीपलीकडे:
रत्नागिरीहून. आमचं मच्छीमार सोसायटीचं काम आहे, मिरकरवाड्याला सकाळी लिलाव होतो त्याआधी आदल्या दिवसाचे दर, बर्फ, डिझेल याचा एक कागद सगळ्यांच्या फोनवर जायला हवा. एका ओळखीच्या मुलाने एअरफ्लो लावून दिला होता, सहाला लावलेला कागद साडेअकराला यायचा. लिलाव उरकून माणसं जेवायला बसायच्या बेतात आणि मग फोन वाजणार. कारण इतकंच की कंटेनरच्या आतलं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. एअरफ्लोसुद्धा काही सांगितलं नाही तर यूटीसीच धरतो. आता शेड्युलमध्येच एशिया कोलकाता लिहिलंय. सुरंगीताई, तुमची पॅकिंगची यादी सकाळची आहे म्हणून हे आत्ताच बघून घ्या. कंटेनरचं टीझेड (आतल्या घड्याळाची सेटिंग) बदललं म्हणजे झालं असं समजू नका, शेड्युलचा टाइमझोन वेगळा द्यावा लागतो.

दुसरं, आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत शेड्युल पॉझ करून ठेवलं होतं. नारळी पौर्णिमेच्या सुमारास चालू केलं आणि एअरफ्लो बंदीच्या प्रत्येक दिवसाचा कागद करायला लागला. कॅचअप नावाची सेटिंग आहे, एअरफ्लो दोनमध्ये ती मुळात चालू असते, राहिलेले सगळे दिवस तो भरून काढतो. तीनमध्ये त्यांनी ती मुळात बंद केलीय. ज्यांना जुना डेटा भरायचाय त्यांच्यासाठी सोय चांगली आहे, पण आमच्या सभासदांना जूनमधला डिझेलचा भाव ऑगस्टमध्ये कशाला?

कोकम_सोडा:
बंदीच्या काळातला पापलेटचा दर शून्य आला असेल तर मला कळवा, मी पिशवी घेऊन येतो

सुरंगी:
हे कॅचअप प्रीफेक्टमध्ये कसं असतं? कारण काल रात्री वादळी पाऊस, लाईट गेली ती पहाटेपर्यंत नव्हती, बॅटरीही संपली. सकाळी चालू केलं तर सर्व्हर आपोआप उभा राहिला, ते छान झालं, पण सेन्सरची रात्रीची राहिलेली कामं 'लेट' म्हणून एका दमात धावली आणि लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडायला लागला. आणि एक भाव आणणारं काम अजून 'रनिंग' दिसतंय, जे लाईट गेली तेव्हा चालू होतं. ते खरं तर कधीच मेलंय.

घाटमाथा:
हाच तुमचा पहिल्या पोस्टमधला दुसरा प्रश्न आहे आणि माझ्या मते धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. कोणता सर्व्हर घ्यायचा यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रीफेक्टचा शेड्युलर पुढची काही कामं आधीच डेटाबेसमध्ये मांडून ठेवतो. मशीन बंद असताना त्यांची वेळ टळली की चालू झाल्यावर ती लेट होतात आणि वर्कर जागा झाला की तो ती उचलतो, सगळी. सेन्सरच्या कामाला याचा काही उपयोग नाही, कारण रात्री दोनचं तापमान सकाळी सातला वाचता येत नाही. त्या डिप्लॉयमेंटला (शेड्युलसकट नोंदवलेल्या कामाला) कॉन्करन्सी लिमिट, म्हणजे एका वेळी किती चालायची ती मर्यादा, १ द्या आणि कोलिजन स्ट्रॅटेजीमध्ये कॅन्सल न्यू निवडा. म्हणजे एक चालू असताना दुसरं आलं तर ते रद्द होईल. एन्क्यू निवडलं तर रांगेत उभं राहील, ते तुम्हाला नकोय.

'रनिंग' दिसणारं काम: प्रोसेस मेली, पण मरताना सर्व्हरला सांगायला ती जिवंत नव्हती. एअरफ्लोमध्ये शेड्युलर हार्टबीट ('मी जिवंत आहे' हा कामाचा नियमित निरोप) बघतो आणि ठरावीक वेळ ठोका आला नाही की ते टास्क मेलं असं धरून फेल किंवा रिट्राय करतो. प्रीफेक्ट तीनमध्येही हार्टबीट आहे पण तो चालू करून त्यावर ऑटोमेशन लावावं लागतं. तोवर हाताने कॅन्सल करा. आणि लिमिट १ दिल्यावर हे लवकर करून घ्या, कारण असं मेलेलं काम ती एकुलती एक जागा अडवून बसू शकतं.

आता खरं काम तुमच्या पायथनमध्ये आहे. कुठलाही ऑर्केस्ट्रेटर घेतला तरी लाईट जाणाऱ्या गावात प्रत्येक काम कधी ना कधी दोनदा चालणारच. म्हणून काम असं लिहा की दोनदा चाललं तरी निकाल एकच. भाव टेबलात टाकताना नुसतं इन्सर्ट नको, तारीख आणि बाजार यांची जोडी युनिक ठेवून अपसर्ट करा, म्हणजे नोंद असेल तर बदल, नसेल तर घाल. यादी पाठवण्याआधी 'आजची यादी गेली' अशी नोंद आहे का बघा, पाठवल्याबरोबर ती नोंद करा. डेटाबेसमधल्या कामाला परत चालवणं स्वस्त असतं, माणसाच्या फोनवर गेलेला मेसेज परत घेता येत नाही. पाठवणं हे एक वेगळं, छोटं, शेवटचं टास्क ठेवा आणि त्याला रिट्राय देताना हात आखडता घ्या.

खाडीपलीकडे:
हे शेवटचं लाखमोलाचं आहे. एकच कागद तीनदा गेला की माणसं कागदच वाचेनाशी होतात, आणि मग खरा बदल झाला त्या दिवशीही वाचत नाहीत.

जुना_टर्मिनल:
पूर्ण सहमत. आणि हे माझ्या टायमरलाही लागू आहे.

भरती_ओहोटी:
लाईट आल्यावर उभं राहण्याबद्दल थोडं. सेवांना रीस्टार्ट अनलेस-स्टॉप्ड द्या, डॉकरची सर्व्हिस सिस्टीमडीत एनेबल आहे ना बघा. डिपेंड्स-ऑनमध्ये नुसतं नाव लिहिलं तर कंपोज फक्त डेटाबेसचा कंटेनर सुरू होईपर्यंत थांबतो, आतला पोस्टग्रेस तयार झाला का ते बघत नाही. म्हणून पीजी-इझरेडीची (पोस्टग्रेस तयार आहे का विचारणारी कमांड) हेल्थचेक लावा आणि अट सर्व्हिस-हेल्दी द्या. लाईट गेल्यानंतर पोस्टग्रेस लॉगवरून सावरत असतो तेव्हा हे कामाला येतं.

घाटमाथा:
हेल्थचेक लावा, पण शेवटचं वाक्य तसं नाही. ती अट फक्त तुम्ही कंपोज अप करता तेव्हा पाळली जाते. मशीन रीबूट झाल्यावर डॉकर डीमन रीस्टार्ट पॉलिसीनुसार कंटेनर उठवतो, तेव्हा त्याला डिपेंड्स-ऑन माहीतच नसतं, सगळे एकदम उठतात. सर्व्हरला डेटाबेस मिळाला नाही तर तो पडतो आणि पॉलिसीमुळे परत उठतो, असं होत होत जागेवर येतं. म्हणजे लाईट गेल्यानंतर तुम्हाला वाचवते ती रीस्टार्टची ओळ.

भरती_ओहोटी:
अरे वा, हे नव्हतं माहीत. लॉगमध्ये दर वेळी दोन-तीनदा पडून उठलेला सर्व्हर दिसायचा त्याचं कारण आज कळलं.

पागोळी:
डॉकर लॉगिन करून सगळं उतरलं, धन्यवाद. माझं विंडोजवर आहे, लाईट आल्यावर मशीन चालू होतं पण कंटेनर उठत नाहीत.

वायंगण:
डॉकर डेस्कटॉप लॉगिन झाल्यावर सुरू होतं, लॉगिनच्या पडद्यावर मशीन थांबलं असेल तर काही उठणार नाही. कायम चालू ठेवायच्या कामाला लिनक्स बरं. शिवाय विंडोजवर सगळं डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतलं लिनक्स) चालतं, तो मुळात निम्मी रॅम घेऊ शकतो, डब्ल्यूएसएलकॉन्फिग फायलीत मर्यादा घालून ठेव.

सुरंगी:
आणखी एक. पॅकिंग शेडमधून घरच्या वायफायवर हे पान उघडता यावं, आमच्या घरच्या काकांना स्वतः बघता येईल हिरवं आहे की लाल. आणि सीझनमध्ये कधी वाशीला गेले तर तिथून पण. पोर्ट उघडून द्यावं का राउटरवर?

जुना_टर्मिनल:
राउटरवर मुळीच नको. प्रीफेक्टच्या सर्व्हरला मुळात पासवर्ड नसतो, ज्याला पान दिसतं त्याला काम चालवताही येतं. आणि उबुंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल लावली म्हणून निर्धास्त राहू नका, कंपोजमध्ये ४२००:४२०० असं पोर्ट दिलं की डॉकर आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालून पोर्ट उघडं राहतं. पुढे १२७.०.०.१ लिहिलंत तर ते फक्त त्या लॅपटॉपपुरतं राहील, लॅपटॉपचा घरातला आयपी लिहिलात तर घरापुरतं. बाहेरून बघायला टेलस्केल किंवा वायरगार्ड, म्हणजे व्हीपीएन. आणि तरीही सर्व्हरला ऑथ स्ट्रिंग देऊन पासवर्ड लावाच, तिसऱ्या आवृत्तीत ती सोय आहे. वर्करलाही तीच स्ट्रिंग द्यावी लागेल.

घाटमाथा:
काकांच्या मोबाईलवर पान उघडलं पण 'सर्व्हर एपीआयशी जोडता येत नाही' असा संदेश आला तर घाबरू नका. पान चालतं ब्राउझरमध्ये, म्हणजे एपीआयचा पत्ता मोबाईलला गाठता आला पाहिजे. यूआय एपीआय यूआरएल ही सेटिंग बघा, तिथे ०.०.०.० किंवा १२७.०.०.१ राहिलं असेल तर लॅपटॉपचा घरातला आयपी टाका. वर्करचा पत्ता वेगळा, ब्राउझरचा वेगळा.

तिरफळ:
राउटराच्या मागे मुंग्यो बघ. दमट हवेत मुंग्यो आणि पाली अडाप्टरात शिरतत, मगे नेट कित्याक गेला म्हणान तू डॉकर उघडून बसशीत. विजा चमकतत तेव्हा लॅनची वायर पण काढ, नुसता प्लग काढून भागणा नाय.

सुरंगी:
तिरफळकाका, राउटरचा यूपीएस आला. आणि वायर काढायचं आजोबा पण सांगतात 🙂

बॅकअपचं कोणी सांगेल का? सगळा डेटा व्हॉल्यूममध्ये (कंटेनर मोडला तरी टिकणारी जागा) आहे, ती फोल्डर रोज झिप करून ठेवली तर चालेल ना?

भरती_ओहोटी:
चालू पोस्टग्रेसची फोल्डर झिप करू नका, अर्ध्या लिहिलेल्या फायली मिळू शकतात आणि परत लावताना उठेलच असं नाही. पीजी-डंप (पोस्टग्रेसची स्वतःची बॅकअप कमांड) करा, कंपोज एक्झेकने कंटेनरच्या आतून, आणि निघालेली फाईल दुसऱ्या जागी, पेनड्राइव्ह म्हणा, दुसऱ्या घरचा कॉम्प्युटर म्हणा. चिपळूणला २०२१ च्या जुलैत पाणी शिरलं तेव्हा कितीतरी दुकानांचा कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर होती.

घाटमाथा:
होय, बाजारपेठेत आमच्या ओळखीत झालंय ते.

आणि कंपोज डाउन करताना मायनस व्ही लावू नका. नुसत्या डाउनने कंटेनर जातात, नाव दिलेले व्हॉल्यूम राहतात. मायनस व्हीने व्हॉल्यूमही जातात. कुठल्याशा लेखात 'सगळं स्वच्छ करा' म्हणून ती कमांड दिलेली असते. कंटेनर कितीही वेळा मोडून बांधा, काही बिघडत नाही, जपायचे आहेत ते व्हॉल्यूम आणि तुमचा कोड. लॉगलाही मर्यादा घाला, मॅक्स-साइज आणि मॅक्स-फाईल, डॉकर मुळात लॉग कापत नाही आणि दर पाच मिनिटांच्या कामाने डिस्क हळूहळू भरते.

पागोळी:
वर्करला डॉकर सॉकेट (डॉकरला हुकूम द्यायची वाट) जोडायचा का? एका ठिकाणी प्रत्येक कामाला वेगळा कंटेनर असं दाखवलंय.

वायंगण:
ज्याच्या हातात तो सॉकेट त्याच्या हातात अख्खं मशीन, रूटसारखंच. तुझ्या कामांना एकाच पायथनमध्ये चालणं जमत असेल तर प्रोसेस वर्कर पुरे. दोन कामांना एकाच लायब्ररीच्या दोन वेगळ्या आवृत्त्या लागल्या तर मग विचार कर.

सुरंगी:
आत्तापर्यंतचं सांगते. सेन्सरला लिमिट १ आणि कॅन्सल न्यू, यादी पाठवण्याचं टास्क वेगळं केलं आणि पाठवल्याची नोंद ठेवते. शेड्युल कोलकात्याच्या वेळेवर. परवा मुद्दाम काम चालू असताना बॅटरी काढून लॅपटॉप बंद पाडला, परत लावल्यावर सगळं उठलं, यादी एकदाच गेली. काका आता सकाळी चहा घेता घेता पान उघडून बघतात, भावाचं खोकं लाल दिसलं तर फोन करून विचारतात, आधी थेट पेट्या भरायला घ्यायचे. माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा फरक. जुना_टर्मिनल काकांचं ऐकून बॅकअप मात्र सिस्टीमडी टायमरवरच ठेवलाय, सर्व्हरचा बॅकअप सर्व्हरच्याच भरवशावर नको म्हणून.

जुना_टर्मिनल:
हे फार योग्य केलंत. त्या डंपवरून एकदा रिकाम्या पोस्टग्रेसमध्ये परत भरून बघा. सीझन ऐन भरात यायच्या आधी.

वायंगण:
पोस्टग्रेसची इमेज लेटेस्ट ठेवली नाहीये ना? आकडा घालून ठेवा. पुढची मोठी आवृत्ती आपोआप आली तर जुन्या फायली उघडत नाही, इनकम्पॅटिबल म्हणून थांबतो.

सुरंगी:
लेटेस्टच आहे. आत्ता बघितलं, १८ उतरलंय. म्हणजे १८ असा आकडा घालून ठेवू?

घाटमाथा:
हो, आत्ता फायली १८ च्या आहेत तर १८ च घाला, खाली येऊ नका. फक्त व्हॉल्यूम कुठे जोडलाय ते बघा. १७ पर्यंत व्हर-लिब-पोस्टग्रेसक्यूएल-डेटा असं जोडायचो, १८ च्या इमेजपासून शेवटचं डेटा काढून एक पायरी वर जोडायचं. जुने लेख बघून केलं तर इथेच चुकतं. डॉकर इन्स्पेक्ट करून माउंट्स खाली तुमच्या व्हॉल्यूमचं नाव दिसतंय का बघा, लांबलचक आकडे-अक्षरांचं नाव दिसलं तर तो निनावी व्हॉल्यूम आहे आणि तुमचा डेटा तिकडे जातोय. तसं असेल तर आधी डंप काढा आणि मगच रस्ता बदला.

सुरंगी:
माझं नाव दिसतंय, एक पायरी वरचं. आकडा घातला. उद्या डंप परत भरून बघते आणि इथे लिहिते.